तू कोण सांगणारी?

राजकीय स्तंभ लिहायला लागले तेव्हा वाचक म्हणून मला सगळ्यांत आधी भेटली ती माझ्या विरोधातली माणसं. ज्यांना लेख पटायचा ती गप्प असायची. कुठे लग्नकार्यात भेटली तर "वाचतो हं तुमचं" एवढं म्हणायची. ज्यांना पटायचा नाही ती त्याच संध्याकाळी पोस्टकार्ड टाकायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते आणि आठवड्यातून एकदा एका दैनिकासाठी लिहीत होते. माझ्या नावाची पत्रं उपसंपादक पाकिटात साठवून ठेवायचे आणि लेख द्यायला गेले की हातात द्यायचे. निळ्या शाईतलं, समास सोडून लिहिलेलं अक्षर. जागा संपली की मजकूर कडेने वर चढायचा. लिहिणारे बहुतेक निवृत्त. हायस्कूलमधले शिक्षक, बँकेतले, पोस्टातले, तालुक्याच्या गावचे एखादे वकील. "तिसऱ्या परिच्छेदात आपण म्हणता की..." अशी सुरुवात करून ते माझं वाक्य जसंच्या तसं उतरवायचे आणि मग त्याचा समाचार घ्यायचे.

माझं लिखाण घडलं ते या पत्रांमुळे. लेख लिहिताना त्यांपैकी कोणी ना कोणी समोर बसलेलं असायचं आणि प्रत्येक विधानाला "कशावरून?" म्हणून विचारायचं.

मी उदारमतवादी आहे. या शब्दाने हल्ली काहीही सुचवलं जातं, म्हणून माझ्यापुरता अर्थ सांगते. माणूस जातीच्या, धर्माच्या, घराण्याच्या आधी माणूस म्हणून मोजला जावा. बाईला तिच्या आयुष्याचा निर्णय घेता यावा. सरकारला प्रश्न विचारता यावा आणि विचारणाऱ्याला सुखरूप घरी येता यावं. ही मतं मी परदेशातून आणलेली नाहीत. आमच्या घरी गोविंद तळवलकरांचे अग्रलेख मोठ्याने वाचले जायचे, आणि वडिलांना एखादा पटला नाही तर जेवताना त्याच्यावर वाद व्हायचा. पुढे अरुण टिकेकरांच्या 'लोकसत्ता'तून न्यायमूर्ती रानड्यांचं बोट धरून मागे, एकोणिसाव्या शतकात जायची सवय लागली. माझ्या मतांचं मूळ गाव तेच.

एका पत्रलेखकाने मला "नव्या लोकहितवादी" म्हटलं होतं. त्यांनी ते दूषण म्हणून लिहिलं होतं, पण त्यामुळे मी 'शतपत्रे' पुन्हा काढली आणि त्यांच्या शेजारी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' ठेवली. लोकहितवादींनी, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांनी, १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये पत्रं लिहिली. आपल्या समाजातलं अज्ञान, बायकांचे हाल, ब्राह्मणांचा अभिमान यांवर असे कोरडे तोवर मराठीत कोणी ओढले नव्हते. पाव शतकानंतर चिपळूणकरांनी त्यांच्यावर धारदार टीका केली. परक्यांची सत्ता डोक्यावर असताना हा माणूस आपल्याच लोकांना हिणवतो आणि राज्यकर्त्यांची थोरवी गातो, असा त्या टीकेचा रोख होता. आणि त्यात तथ्यही होतं. लोकहितवादी इंग्रजांच्या न्यायखात्यात नोकरीला होते आणि इंग्रजी राज्य हे ईश्वरी योजनेनं आलं आहे, असं त्यांना वाटत होतं. चिपळूणकरांचा घाव तिथे बरोबर बसतो.

पण विधवेचे केस कापावेत की नाही, याचं उत्तर चिपळूणकरांच्या त्या घावातून मिळत नाही. सांगणारा कोण आहे, कोणाचा पगार घेतो, कोणत्या वेळी सांगतो आहे, याची झडती संपते तेव्हा मूळ गोष्ट तशीच राहिलेली असते. मराठीतल्या सनातनी टीकेची ही रीत तेव्हापासूनची आहे, आणि माझ्या वाट्याला आलेल्या टीकेतली निम्म्याहून अधिक त्याच जातीची होती.

१८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याकडे पाहिलं तर हे आणखी ठसठशीत दिसतं. मुलीशी शरीरसंबंधासाठी संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढाच तो कायदा. टिळकांनी 'केसरी'तून त्याला कडाडून विरोध केला. आमच्या समाजात सुधारणा करायची ती आम्ही करू, परक्या सरकारने कायद्याचा हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. स्वराज्याच्या बाजूने पाहिलं तर या मुद्द्याला वजन आहे, आणि मी वर्गात तो पूर्ण ताकदीने शिकवला. आगरकर मात्र 'सुधारक'मधून त्या मुलीबद्दल लिहीत होते. दहा वर्षांच्या मुलीबद्दल. ज्या आगरकरांनी 'केसरी'चे पहिले संपादक म्हणून काम केलं, डोंगरीच्या तुरुंगात टिळकांबरोबर १०१ दिवस काढले, त्यांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. १८९५ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. इतकं भांडूनही ते एकमेकांचे राहिले, याचं मला फार मोल वाटतं.

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत कडवा टीकाकार घरातलाच होता. माझा मामा. मिरजेचा, लहानपणापासून संघाचा स्वयंसेवक, आणीबाणीत येरवड्याला मिसाबंदी. तुरुंगात समाजवादी आणि संघाचे लोक एकाच आवारात होते. तिथे राष्ट्र सेवा दलाच्या एका कार्यकर्त्याशी त्याची जी मैत्री जुळली ती शेवटपर्यंत टिकली. दर आठवड्याला लेख आला की त्याचा फोन यायचा. "अगं, वाचला तुझा लेख," एवढं म्हणून तो थांबायचा. त्या थांबण्याच्या लांबीवरून मला पुढचं कळायचं.

एका वर्षी तीस जानेवारीला मी गांधींवर लिहिलं. खुनाआधीच्या द्वेषाच्या प्रचाराबद्दल, त्याला मिळालेल्या मूक संमतीबद्दल. मामाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "दर वर्षी तू खुनाबद्दल लिहितेस. लिही, ते लिहायलाच पाहिजे. पण त्यानंतरच्या आठवड्याबद्दल तुझ्या लोकांनी कधी लिहिलं? मी आठ वर्षांचा होतो."

गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ब्राह्मणांची घरं, दुकानं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. आमच्या आजोळचं घर तासगाव भागातल्या एका खेड्यात होतं. आजोबा गांधींना मानणारे होते की नव्हते, हे जमावाने विचारलं नाही. रात्री शेजारच्या मराठा कुटुंबाने बायकामुलांना गोठ्यात लपवलं आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून मिरजेला पोचवलं. मामाने हे सगळं मला पहिल्यांदा त्या फोनवर सांगितलं. आई कधी बोलली नव्हती. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' मी वाचली होती, पण ती साहित्य म्हणून. आपल्या घराशी तिचं नातं आहे, हे मला माहीत नव्हतं.

त्यावर मी लिहिलं. गांधींच्या खुनाचं गांभीर्य जळालेल्या घरामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि खून कोणत्या विचारातून झाला हे सांगितल्याने गोठ्यात लपलेल्या आठ वर्षांच्या मुलाची भीती खोटी ठरत नाही, असा त्या लेखाचा आशय होता. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या जातीला शिक्षा देणं हे उदारमतवादाच्या मुळावरच येतं. मग ती जात कोणतीही असो. आज मुसलमानांच्या वस्तीवर बुलडोझर चालतो तेव्हा मी ज्या तत्त्वाने बोलते, त्याच तत्त्वाने १९४८ बद्दल बोलायला हवं. संपादकांनी शब्दही न बदलता लेख छापला. आणि मग जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं. माझ्याच बाजूच्या मित्रमैत्रिणींनी फोन करून विचारलं, त्यांच्या हातात हे शस्त्र कशाला दिलंस? एकीने तर काही महिने बोलणं टाकलं. मला ते दुःख आजही आहे, पण तो लेख मी पुन्हा तसाच लिहीन. प्रतिपक्षाच्या आठवणीत खरी जखम असेल तर ती त्यांच्याकडेच पडू द्यायची, म्हणजे त्यांनी तिचं हवं ते करावं अशी मोकळीकच देणं होय.

मामा त्या लेखाने खूश झाला असं नाही. त्याच घराची जमीन पुढे कूळकायद्यात गेली होती, आणि घर जाळणं आणि जमीन जाणं ही त्याच्या मनात एकच गोष्ट होती. माझ्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या. घर जाळणं हा अन्याय. कसणाऱ्याला जमीन मिळणं हा न्याय. कायदाही १९४८ चाच, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. एकाच घरावर एकाच पिढीत अन्याय आणि न्याय दोन्ही येऊन गेले. मी मामाला म्हणायची, ज्याने तुम्हाला गोठ्यात लपवलं त्याच्याही नावावर कूळ म्हणून जमीन झाली असेल, तर तुला त्याचं वाईट का वाटावं? तो म्हणायचा, "तू हिशेब बरोबर करतेस गं, पण घर तुझं नव्हतं." आमचं हे भांडण मिटलं नाही.

असे आक्षेप सगळ्याच विषयांत आले. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये शनिशिंगणापूरला एक तरुणी चौथऱ्यावर चढली आणि त्यानंतर देवस्थानाने शुद्धीकरण केलं. मी लिहिलं की ज्या जागी पुरुष जाऊ शकतो तिथे बाईला अडवायला कायद्यात जागा नाही. सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाचा कायदा १९५६ पासून आहे. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१६ च्या एप्रिलच्या आरंभी तेच सांगितलं, आणि मध्यंतरी पुरुषांनाही चौथरा बंद करून पाहिल्यावर गुढीपाडव्याला देवस्थानाने तो सगळ्यांना खुला केला. या सगळ्या काळात पत्रांचा आणि ईमेलचा पाऊस पडत होता. त्यात नगरकडच्या एका वाचकांनी विचारलं, "आपण शनीला मानत नाही. मग चौथऱ्याशी आपलं काय नातं? जिची श्रद्धा आहे तिने कधी मागितलं?" मी पुढच्या लेखात १९४७ ची आठवण दिली. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे महिन्यात दहा दिवस उपोषण केलं. तेव्हाही हेच विचारलं गेलं होतं. त्या वाचकांचं उत्तर परत आलं: "साने गुरुजी विठ्ठलाचे भक्त होते. आपण शनीच्या नाही."

हे उत्तर मला आवडलं. ते मुद्द्यावरचं होतं आणि त्याने मला अडचणीत आणलं. मी लिहिलं की देवस्थान हा सार्वजनिक न्यास आहे, तिथला हक्क भक्तीच्या मोजमापावर देता येत नाही. मतदान केंद्रावर आपण कोणाची लोकशाहीवरची निष्ठा तपासत नाही. त्यांना ते पटलं नाही. पण पत्रव्यवहार चालू राहिला, आणि दर दिवाळीला त्यांचं शुभेच्छांचं कार्ड येत राहिलं.

आमच्या घरी गौरी बसतात. ही गोष्ट मी कधी लेखात लिहिली नव्हती. आज लिहिते आहे ती ओघात आली म्हणून. कुळाचार पाळता का, कुंकू लावता का, सासरी चालतं का, असं विचारणारी पत्रं मला सुरुवातीपासून आली. स्तंभ लिहिणाऱ्या पुरुष सहकाऱ्यांना ती येत नव्हती. "मीही तुमच्यासारखीच आहे हो" असं सांगितलं असतं तर धार थोडी बोथट झाली असती. पण मग ज्या बाईच्या घरी गौरी बसत नाहीत तिचं मत कमी किमतीचं ठरलं असतं. म्हणून मी गप्प राहिले.

२००७-०८ च्या सुमाराला मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आल्या आणि या धंद्याचं रूप पालटलं. दुपारी चारच्या आसपास गेस्ट को-ऑर्डिनेटर मुलामुलींचे फोन सुरू होतात. "मॅडम, आज सातला पॅनलवर याल का? नाहीतर फोनो द्याल?" विषय विचारला की सांगतात, बाजू मात्र त्यांनी आधीच ठरवलेली असते. त्यांना एक प्रवक्ता इकडचा, एक तिकडचा, एक 'ज्येष्ठ पत्रकार' आणि एक 'राजकीय विश्लेषक' हवा असतो, आणि विश्लेषकाने कोणाच्या विरोधात बोलायचं हे त्या चौकटीतच लिहिलेलं असतं. कानात इअरपीस, त्यात कंट्रोल रूममधून येणारा आवाज, "मॅडम, वीस सेकंद." वीस सेकंदांत आरोप करता येतो. त्याचं खंडन करायला किमान दोन मिनिटं लागतात. हा त्या माध्यमाचा गणिती दोष आहे, आणि तो नेहमी जैसे थेच्या बाजूने पडतो. कारण "परंपरा आहे" हे दोन शब्दांत सांगून होतं, आणि ती कधी सुरू झाली, कोणासाठी, तिच्यात आजवर कोणते बदल झाले, हे सांगायला वेळ लागतो.

एका गणेशोत्सवात ध्वनिप्रदूषणावर चर्चा होती. उच्च न्यायालयाचे आवाजाबाबतचे आदेश ताजे होते. मी म्हणाले, "गणपती नको असं कोणीच म्हणत नाही, डीजे नको एवढंच म्हणणं आहे." रात्री अकरापर्यंत माझ्या वाक्यातले पहिले दोन शब्द तेवढे कापून केलेली क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. सोसायटीच्या ग्रुपवर आली, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आली, न्यू जर्सीतल्या भाचीकडे आली. सकाळी दारात दूध घेताना शेजारच्या काकूंनी मान वळवली. त्यांच्या मुलीला मी फुकट शिकवलं होतं. फोनवर अनोळखी आवाज. विचारजंत, फुरोगामी, पाकिस्तानात जा, आणि बाई म्हणून जे बोललं जातं ते सगळं. ते इथे लिहीत नाही.

नऊ वाजता मामाचा फोन आला. वय पंचाहत्तरच्या पुढे गेलेलं, ऐकू कमी यायचं, म्हणून तो ओरडूनच बोलायचा. "मी काल पूर्ण चर्चा बघितली आहे. तू तसं म्हणाली नाहीस. सकाळी शाखेत हा विषय निघाला, तर मी उभा राहून सांगितलं सगळ्यांना, माझी भाची आहे, तिची मतं मला मान्य नाहीत, पण ती खोटं बोलत नाही आणि हे वाक्य तिचं नाही." मग नेहमीसारखा थांबला. "आणि डीजेचं तुझं बरोबर आहे. पण मशिदीच्या भोंग्याबद्दल पण बोलायचंस."

बोलले होते. त्याच चर्चेत, जाहिरातीच्या ब्रेकआधी. ते कोणी कापून फिरवलं नाही.

"त्यांच्याबद्दल का लिहीत नाही?" हा माझ्यासारख्यांना सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. मी तो टाळत नाही, कारण त्याचं उत्तर मराठीत फार तेजस्वी आहे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. सर्वोच्च न्यायालयाने तीन तलाक रद्दबातल ठरवला तो २०१७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे त्या मोर्चानंतर ५१ वर्षांनी. मी दलवाईंवर लिहिलं, शाहबानो प्रकरणात १९८६ साली सरकारने घेतलेल्या माघारीवर लिहिलं, २०१७ च्या निकालाचं स्वागत केलं. २०१९ च्या कायद्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला, त्याला मात्र विरोध केला. नवरा तुरुंगात गेला तर त्या बाईला पोटगी कोण देणार, हा माझा प्रश्न होता. या लेखांवर मराठवाड्यातल्या एका मुस्लिम गृहस्थांचं सुरेख मराठीतलं पत्र आलं. त्यांचं म्हणणं असं की आमच्या घरातल्या गोष्टी आम्ही बघू, तुम्ही बाहेरच्या कोण सांगणाऱ्या? शनिशिंगणापूरच्या वेळी आलेल्या पत्रांतलं वाक्य आणि हे वाक्य मी शेजारी शेजारी ठेवून वाचलं. धर्म निराळे, ग्रंथ निराळे; प्रश्न अक्षरशः तोच. आणि दोन्हीकडे तो प्रश्न घरातल्या बाईच्या वतीने घरातला पुरुष विचारत होता. दलवाई तर घरातलेच होते, तरी त्यांना विचारला गेलाच. घरात जन्मल्याने सांगण्याचा परवाना मिळत नाही, बाहेरून आल्याने तर नाहीच. मग राहतं काय? तर जे सांगितलं ते खरं की खोटं, न्याय्य की अन्याय्य. मी माझ्या टीकाकारांना एवढंच मागत आले की तिथे या.

जे तिथे यायला तयार नव्हते त्यांनी दुसरा रस्ता घेतला. २००८ मध्ये अरबी समुद्रातल्या शिवस्मारकावरच्या अग्रलेखासाठी 'लोकसत्ता'चे संपादक कुमार केतकर यांच्या ठाण्याच्या घरावर हल्ला झाला. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नीवर गोळीबार झाला. चार दिवसांनी पानसरे गेले. पहिले 'साधना'चे संपादक, दुसरे 'शिवाजी कोण होता?' या पुस्तिकेचे लेखक. दोघांचीही हत्यारं पुस्तकं, भाषणं आणि अमाप चिकाटी. दाभोलकर खटल्यात २०२४ च्या मे महिन्यात दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. कट कोणी रचला ते सिद्ध झालं नाही.

त्या ऑगस्टमधल्या सकाळनंतर माझ्या घरात काही गोष्टी बदलल्या. नवरा मला न सांगता फिरायला बरोबर येऊ लागला. मुलीने आडनाव सांगणं कमी केलं. मी मात्र लेखाचा विषय बदलला नाही. तसं केलं असतं तर गोळी माझ्यावरही चालली असंच झालं असतं. मला सगळ्यांत जास्त जाणवलं ते मामाचं आणि त्या जुन्या पत्रलेखकांचं वागणं. त्यांतल्या कित्येकांनी दाभोलकरांविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं होतं, जादूटोणाविरोधी विधेयकाला हरकती पाठवल्या होत्या. त्यांनी या खुनाचा निषेध केला आणि तो "पण" न लावता केला. परंपरा मानणारा माणूस आणि मारेकरी या दोघांत फरक असतो, हे मी तेव्हा लिहिलं आणि माझ्या बाजूच्या लोकांनीही ते विसरू नये असं मला वाटतं. नाहीतर ज्या माणसाशी वाद घालता येतो त्याला आपणच पलीकडे ढकलतो.

मामा पाच वर्षांपूर्वी गेला. पोस्टकार्डं त्याच्या आधीच थांबली होती. आता लेखाखाली येतं ते लेख न वाचता आलेलं असतं; शीर्षक आणि माझं नाव एवढ्यावर काम भागतं. टीव्हीवर जाणं मी सोडलं. स्तंभ सोडला नाही. व्याख्यानमालांची आमंत्रणंही सोडत नाही, कारण वसंत व्याख्यानमालेपासूनची ही मराठी रीत अशी आहे की ऐकणारा तासभर बसतो आणि मग उठून विचारतो. आयोजक हल्ली आधी हळूच सांगतात, "ताई, राजकारण जरा टाळलंत तर बरं." मी विषयात संविधान लिहून पाठवते आणि त्यात सगळं येतं.

गेल्या हिवाळ्यात विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी व्याख्यान झाल्यावर कपाळाला टिळा लावलेला, विशीतला मुलगा उठला. अभियांत्रिकीला होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणता सुधारणा हीसुद्धा आपलीच परंपरा आहे. मान्य. मग कोणती परंपरा ठेवायची आणि कोणती मोडायची, हे ठरवणार कोण?" मी म्हणाले, जिला ती सोसावी लागते तिचं मत पहिलं. तो म्हणाला, "आणि तिलाच ती हवी असेल तर?" तर तिने पाळावी, दार उघडं असणं म्हणजे आत गेलंच पाहिजे असं नाही. तो बसला नाही. "पण मग प्रत्येक जण आपापलं ठरवणार. सगळ्यांनी मिळून पाळायचं असं काय उरेल? माणसं एकत्र कशाने राहतील?"

सभागृहात काही जण चुळबुळ करत होते, आयोजक घड्याळाकडे पाहत होते. मी त्याला कोणाला थांबवू दिलं नाही. फार वर्षांनी माझ्यासमोर कोणीतरी मी कोण आहे ते न विचारता, मी जे बोलले त्याबद्दल विचारत होतं, आणि त्याचा प्रश्न माझ्या विचारातली खरोखर कच्ची जागा दाखवत होता. उदारमतवाद माणसाला मोकळं करतो. मोकळ्या माणसांना बांधून काय ठेवायचं, हे तो पुरेसं सांगत नाही. मी तिथे वारीचं उदाहरण दिलं, जिथे दिंडीची शिस्त आहे, पण वाटेत सामील व्हायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याने मान हलवली, आणि लगेच म्हणाला की दिंड्यांचेही मानपान आणि क्रम असतात, तिथेही सगळे सारखे नसतात. तेही खरं आहे.

त्या प्रश्नावर मी सध्या लेखमाला लिहिते आहे. पहिला लेख गेल्या आठवड्यात पूर्ण केला. त्यात माझं म्हणणं दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतं. पहिला परिच्छेद पूर्ण त्या मुलाच्या आक्षेपाला दिला आहे, जमेल तितका त्याच्याच शब्दांत.